शिक्षकांना कोण घडविणार?
बुलढाणा जिल्ह्यातील अध्यापक शिक्षणापुढील आव्हाने

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांची ती गोष्ट प्रभू येशूने सरोवरात नावेत बसून काठावरच्या लोकसमुदायाला सांगितली. या दाखल्याचे मनन करताना आपण बियाण्याचा आणि जमिनीचा विचार करतो; पेरणाऱ्या हाताचा विचार सहसा करीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र हे समजावून सांगावे लागत नाही. तिफणीमागे सरते धरणारा हात सराईत नसेल, तर उत्तम बियाणेही कुठे दाट तर कुठे विरळ पडते, हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

शाळांच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरतो. इमारती, पाठ्यपुस्तके, गणवेश, पोषण आहार, संगणक या सर्वांची चर्चा होते, आणि ती व्हावयासही हवी. परंतु वर्गात उभा राहणारा शिक्षक कसा घडतो, त्याला कोण घडवितो आणि त्या घडविण्यात कोणत्या उणिवा राहतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विकसनशील देशांपुढील हे एक मोठे आव्हान आहे. २०३० पर्यंत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण सर्व मुलांपर्यंत पोहोचवायचे असेल, तर जगाला सुमारे ४ कोटी ४० लाख अधिक शिक्षकांची गरज आहे, असे युनेस्कोने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालात म्हटले आहे. इतके शिक्षक कसे तयार होणार, हा प्रश्न जगाचा आहे. तोच प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणते रूप घेऊन उभा आहे, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

जिल्ह्याची जडणघडण

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा, उल्कापाताने निर्माण झालेले लोणारचे सरोवर आणि संत गजानन महाराजांचे शेगाव यांमुळे हा जिल्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे येथील लोक बोलण्यात सहजपणे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा व सिंदखेडराजा हे तालुके घाटावर. तर खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर आदी तालुके घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात. या खोऱ्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या टोकाला, सातपुड्याची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशी कोरकू, निहाल, भिल्ल, भिलाला या आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत.

जिल्ह्याची शेती बहुतांशी पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिके. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, या जिल्ह्यातील अध्यापक शिक्षणाची कहाणी शेतीच्या कहाणीपासून वेगळी करता येत नाही.

धर्मप्रांताच्या दृष्टीने हा जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. येथे कॅथलिक भाविकांची संख्या अल्प आहे. तरीही शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांच्या द्वारे धर्मगुरू व धर्मभगिनी पश्चिम विदर्भातील सर्व धर्मांच्या व जातींच्या लोकांत सेवा करीत आले आहेत. म्हणूनच शिक्षक घडविण्याचा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

शिक्षक होण्याची वाट

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही अशा वाचकांसाठी ही वाट थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापक पदविका घेऊन प्राथमिक शाळेत शिक्षक होता येते. या पदविकेला पूर्वी डी.एड. म्हणत, आता तिचे नाव डी.एल.एड. असे आहे. पदवीनंतर बी.एड. करून माध्यमिक शाळेत शिकविता येते. बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार ते दोन वर्षांचे झाले. बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. त्यामुळे लहान मुलांना शिकविण्यासाठी पदविकेचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले.

केवळ पदविका घेऊन मात्र भागत नाही. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजेच टीईटी आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये घेण्यात आली. तिच्यापुढे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे आणि त्यापुढे 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून होणारी निवड आहे. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून ठरावीक मानधनावर काम करावे लागते. २००० मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिना ३ हजार रुपये होते. पुढे ते ६ हजार झाले आणि २०२३ मध्ये १६ हजार करण्यात आले.

अशी ही लांबलचक वाट आहे. प्रत्येक टप्प्यावर चाळणी आहे. मग या चाळण्यांतून चांगला शिक्षक निघतोच असे का म्हणता येत नाही? त्याची कारणे आता पाहू.

पदविकांचा पूर आणि न्यायमूर्ती वर्मा आयोग

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात खासगी अध्यापक विद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. तालुक्याच्या गावीच नव्हे, तर लहान बाजारपेठेच्या गावांतही डी.एड. महाविद्यालयांच्या पाट्या लागल्या. शेतीत राम उरला नाही, कारखाने जवळ नाहीत, सरकारी नोकऱ्या मोजक्या. अशा वेळी 'पोराला डी.एड. करून टाका, मास्तर होईल' हा विचार घराघरांत पोहोचला. मुलींच्या बाबतीत तर शिक्षकी पेशा सर्वांत सुरक्षित मानला गेला. अनेक कुटुंबांनी जमिनीचा तुकडा विकून, दागिने गहाण टाकून किंवा सावकाराकडून पैसे उचलून शुल्काची व्यवस्था केली.

राज्याला एवढ्या शिक्षकांची गरज आहे काय, आणि या संस्थांत शिकविण्याची सोय तरी आहे काय, हे प्रश्न मागे पडले. राज्य शासनाची शिफारस नसतानाही महाराष्ट्रातील २९१ संस्थांना मान्यता देण्याचे प्रकरण अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याने २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला. संपूर्ण देशाच्या अध्यापक शिक्षणाची झडती घेणाऱ्या या अहवालाचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे, ही आपल्याला अंतर्मुख करणारी बाब आहे. देशातील सुमारे ९० टक्के अध्यापक शिक्षण संस्था खासगी असल्याकडे आयोगाने लक्ष वेधले. त्याच आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मान्य केले की, देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडविण्याचा प्रयत्नही करीत नसून मोबदला घेऊन पदव्या विकीत आहेत. शासनाच्या अधिकृत धोरणात इतके कठोर विधान यावे, यावरून रोगाची खोली लक्षात येते.

थांबलेली भरती, ताटकळलेली पिढी

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात विशेष पटपडताळणी झाली. अनेक शाळांत कागदावरील विद्यार्थी प्रत्यक्षात नसल्याचे उघड झाले, शिक्षक 'अतिरिक्त' ठरले आणि मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी आली. ज्या वर्षांत सर्वाधिक पदविकाधारक बाहेर पडत होते, नेमक्या त्याच वर्षांत दार बंद झाले. अभियोग्यता चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. तिच्यावर आधारित निवडी २०१९ मध्ये सुरू झाल्या. दुसरी चाचणी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. दुसऱ्या चाचणीनंतर सुमारे २१ हजार पदांची जाहिरात निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यात सुमारे ११ हजार उमेदवारांची शिफारस झाली.

या आकड्यांमागे माणसे आहेत. विसाव्या वर्षी पदविका घेतलेला तरुण भरतीची वाट पाहता पाहता पस्तिशीला पोहोचला. कोणी शेतमजुरी करतो, कोणी पुण्या-मुंबईत सुरक्षारक्षक झाला, कोणी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे राबतो. ज्या मुलींनी मोठ्या उमेदीने पाठटाचणे लिहिली, तक्ते रंगविले, त्यांची प्रमाणपत्रे लग्नानंतर पेटीच्या तळाशी गेली. घाटावर आणि घाटाखाली, प्रत्येक तालुक्यात अशी घरे आहेत.

या हताशेतून दुसरा अनर्थ घडला. २०१९-२० च्या टीईटी परीक्षेतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला. पैसे घेऊन गुण वाढविण्यात आल्याचे तपासात पुढे आले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांचा विश्वास त्या दिवशी तुटला. शिक्षक होण्याची पहिली पायरीच असत्याची असेल, तर वर्गातील मुलांना सत्य कोण शिकविणार?

भरती थांबल्यावर अध्यापक विद्यालये ओस पडली. राज्यभरात शेकडो विद्यालये बंद झाली. आता नव्या राष्ट्रीय धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावयाची आहे आणि ती बहुविद्याशाखीय महाविद्यालयांतून दिली जावयाची आहे. कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातील मुलीने चार वर्षे कोठे राहावे, खर्च कोणी करावा, या प्रश्नांची उत्तरे वेळीच शोधली नाहीत, तर शिक्षकी पेशा ग्रामीण गरिबांच्या हातून निसटण्याची भीती आम्हांस वाटते.

एक शिक्षक, अनेक इयत्ता

आता भरतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. समजा, सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊन एक तरुण शिक्षिका सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाली आहे. तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते?

शाळा द्विशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग दोघांनी मिळून सांभाळायचे. सहकारी शिक्षक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की सर्व इयत्ता एकटीच्या अंगावर. पहिलीतील मुलाला अक्षर गिरवायला देऊन तिसरीला वजाबाकी सांगायची आणि त्याच वेळी चौथीचे वाचन ऐकायचे, ही बहुवर्ग अध्यापनाची कला आहे. ती शिकून घ्यावी लागते.

परंतु अध्यापक विद्यालयात तिने दिलेले सराव पाठ कसे होते? एक इयत्ता, एक विषय, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, भिंतीवर तक्ता, मागच्या बाकावर निरीक्षण करणारे प्राध्यापक. तो पाठ बहुधा शहरातील किंवा तालुक्याच्या गावातील शाळेत झाला. विनियमांनुसार दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता अपेक्षित आहे. ती मनापासून पार पाडली, तर छात्राध्यापकाला शाळेचे सर्व अंतरंग कळू शकते. परंतु जेथे आंतरवासिता केवळ हजेरीपटावर पूर्ण होते, तेथे शिक्षक खऱ्या शाळेला प्रथम भेटतो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी. अध्यापक शिक्षण संस्था शाळांपासून आणि विद्यापीठांपासून तुटलेल्या आहेत, हे दुखणे कोठारी आयोगाने (१९६४-६६) दाखवून दिले होते. साठ वर्षे लोटली, तरी ते बरे झालेले नाही.

राहण्याचा प्रश्नही आहे. गावात भाड्याने खोली मिळत नाही, एकट्या स्त्रीला सुरक्षित वाटत नाही, म्हणून तालुक्याच्या गावाहून 'अपडाऊन' सुरू होते. शिक्षकांनी मुख्यालयी राहावे की नाही, यावर वाद पुष्कळ होतात. त्यांनी कोठे राहावे याची व्यवस्था फारशी कोणी करीत नाही. त्यामुळे शिक्षिका गावात शाळेपुरती येते. सायंकाळी ओट्यावर आईबापांशी जे बोलणे व्हावे, ते होत नाही. मूल चार दिवस का आले नाही, घरचे लोक कामासाठी परगावी गेले काय, हे तिला हजेरीपटावरूनच कळते.

भाषेचा डोंगर

सातपुड्याच्या पायथ्याशी याहूनही मोठे आव्हान भाषेचे आहे, आणि त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी, चालठाणा आदी गावांच्या परिसरात निहाल समाजाचे लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगातील भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय आहे. मराठी-हिंदी ज्या कुळातील आहेत, तेलुगू-कन्नड ज्या कुळातील आहेत किंवा कोरकू-संथाळी ज्या कुळातील आहेत, त्यांपैकी कोणत्याही कुळात ती बसत नाही. अशी एकाकी भाषा भारतात अत्यंत दुर्मीळ. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज ती बोलणारे लोक दोन-अडीच हजारांच्या आसपासच आहेत.

जगाच्या दृष्टीने हा अमूल्य ठेवा. परंतु शाळेच्या दृष्टीने? सहा वर्षांचे निहाल मूल पहिलीत येते तेव्हा घरची निहाली त्याच्या जिभेवर असते, शेजारच्या वस्तीतील कोरकू त्याच्या कानावर असते आणि बाजारातील हिंदी-मराठीही त्याला थोडीफार समजते. म्हणजे भाषांच्या बाबतीत हे मूल शहरातील अनेक मुलांपेक्षा श्रीमंत आहे. पण पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला परकी आहे. ते गप्प बसते. शिक्षिकेला वाटते, याला काही येत नाही. मुलाला वाटते, आपल्याला जे येते ते येथे चालत नाही. काही महिन्यांत दोघांचीही खात्री पटते आणि मूल शाळेपासून दूर जाते.

येथे दोष मुलाचा नाही, शिक्षिकेचाही नाही. ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, त्यांना घरच्या भाषेच्या पुलावरून हळूहळू प्रमाण मराठीकडे कसे न्यावे, याचे शिक्षण तिला पुरेशा प्रमाणात मिळालेलेच नसते. शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो आणि नवे धोरणही सांगते. कायदा राजपत्रात असतो. तो वर्गात उतरतो तो शिक्षकाच्या तयारीतूनच. राज्यातील सर्व छात्राध्यापकांसाठी एकच अभ्यासक्रम असताना, बुलढाण्यात शिकणाऱ्या भावी शिक्षकाला निहाली किंवा कोरकूची तोंडओळख तरी करून देणे, हे काम जिल्हा पातळीवरच होऊ शकते.

सेवेतील प्रशिक्षण

हे काम करण्यासाठी संस्था नाहीत असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. बुलढाणा येथेही अशी संस्था आहे. तालुक्याला गट साधन केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा भरतात. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. जिल्ह्याचे प्रश्न जिल्ह्यातच अभ्यासावेत आणि त्यानुसार शिक्षकांना मदत करावी, हाच जिल्हा संस्थेचा मूळ हेतू.

प्रत्यक्षात प्रशिक्षणे बहुधा वरून ठरून येतात. राज्यस्तरावर तयार झालेला आशय जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून शिक्षकाला पोहोचतो. प्रत्येक पायरीवर त्यातील थोडा जीव कमी होतो. शेवटी शिक्षकाच्या पदरी उपस्थितीचे प्रमाणपत्र आणि भ्रमणध्वनीवरील काही चित्रफिती उरतात. 'तुमच्या वर्गात नेमकी अडचण काय आहे?' हा प्रश्न त्याला विचारला जात नाही. त्यात ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, मतदार याद्या यांचा ताण वेगळाच. शिकविण्याखेरीज बाकी सर्व कामांचा हिशेब मागितला जातो, अशी शिक्षकांची खंत असते आणि ती अनाठायी नाही.

ताजा निर्णय आणि अल्पसंख्याक शाळा

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने या विषयाला नवे वळण मिळाले आहे. सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण होणे न्यायालयाने बंधनकारक ठरविले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, मात्र टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असे २०१४ च्या निर्णयात म्हटले होते. त्याचा फेरविचार मोठ्या खंडपीठाने करावा, असे या वेळी न्यायालयाने सुचविले.

आपल्या शाळांनी याकडे केवळ कायदेशीर प्रश्न म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो जपला पाहिजे. परंतु हा हक्क आपल्या शाळेतील मुलाला कमी तयारीचा शिक्षक देण्यासाठी मिळालेला नाही. त्याच वेळी हेही खरे की, वीस-पंचवीस वर्षे निष्ठेने शिकविलेल्या शिक्षिकेचे मोल एका बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेवरून पूर्णपणे ठरविता येत नाही. परीक्षा ज्ञान तपासू शकते. मुलांविषयीची माया आणि चिकाटी तपासण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

ख्रिस्तसभेचा वारसा

फ्रान्समधील संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे सतराव्या शतकातील एका सधन घराण्यातील धर्मगुरू. गरीब मुलांच्या शाळांत शिकविणारे शिक्षक अडाणी, उपेक्षित आणि निराश आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. १६८१ मध्ये त्यांनी त्या शिक्षकांना स्वतःच्या घरी राहावयास आणले. नातेवाइकांनी विरोध केला. पण त्यांनी त्यांच्या पंगतीला बसून, त्यांच्याबरोबर प्रार्थना करून त्यांना घडविले. पुढे १६८५ च्या सुमारास रीम्स येथे त्यांनी खेड्यांतील शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केले. शिक्षकांसाठी चालविलेल्या जगातील आद्य विद्यालयांत त्याची गणना होते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

महाराष्ट्रातही असेच घडले आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगर येथील मिस फॅरार आणि पुण्यातील मिसेस मिचेल या प्रॉटेस्टंट मिशनरी भगिनींच्या संस्थांत घेतले होते. एका स्त्रीला कोणीतरी शिकवावयास शिकविले आणि त्यातून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची वाट उघडली. शिक्षक घडविण्याच्या कामाचे फळ किती दूरवर जाते, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. शाळेचे यश प्रामुख्याने शिक्षकांवर अवलंबून असते आणि म्हणून त्यांची तयारी अत्यंत काळजीपूर्वक व्हावी, असा त्याचा आशय आहे. त्याला साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पोप चौदावे लिओ यांनी प्रेषितीय पत्र लिहून शिक्षणकार्याविषयीची ही बांधिलकी पुन्हा जागविली.

आपण काय करू शकतो?

भरती, वेतन आणि अभ्यासक्रम हे शासनाच्या अखत्यारीतील विषय आहेत. तरीही आपल्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही.

प्रथम आपल्या स्वतःच्या घरात डोकावू. विनाअनुदानित शाळांत काम करणाऱ्या प्रापंचिक शिक्षकांना न्याय्य वेतन, नियुक्तीपत्र आणि सन्मान मिळतो काय, हे प्रत्येक संस्थेने प्रामाणिकपणे तपासावे. न्यायाचे धडे देणाऱ्या शाळेत शिक्षकावरच अन्याय होत असेल, तर ते धडे मुलांच्या मनात रुजणार नाहीत.

दुसरे, आपल्या शाळांची दारे छात्राध्यापकांसाठी मनापासून उघडावीत. आंतरवासितेस आलेल्या प्रत्येक तरुणाला एका अनुभवी शिक्षिकेच्या हाती सोपवावे. तिने त्याचा पाठ पाहावा, आपला पाठ त्याला दाखवावा आणि शाळा सुटल्यावर दोघांनी बसून बोलावे. यासाठी निधी लागत नाही. वेळ आणि मोठे मन लागते.

तिसरे, ज्या कार्यरत शिक्षकांना आता टीईटी द्यावयाची आहे, त्यांच्यासाठी शनिवारी-रविवारी अभ्यासगट चालवावेत. जवळच्या जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनाही त्यांत सन्मानाने बोलवावे. खेड्यात रुजू झालेल्या शिक्षिकांना आपल्या वसतिगृहांत किंवा कॉन्व्हेंटच्या आश्रयाने राहण्याची सोय करता आली, तर अपडाऊनचा प्रश्न काही अंशी तरी सुटेल.

चौथे, सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्यांनी मुलांच्या आयांकडून घरची भाषा शिकून घ्यावी. निहाली, कोरकू आणि मराठी यांतील रोजच्या दोनशे-तीनशे शब्दांची यादी, चार गाणी, पाच गोष्टी एवढेही शिक्षकाच्या हाती दिले, तरी पहिल्या दिवशी मुलाचे स्वागत त्याच्या भाषेत होऊ शकेल. गावातील शिकलेल्या आदिवासी तरुण-तरुणींना शिक्षक होण्यासाठी साहाय्य करणे हा तर सर्वांत खात्रीचा उपाय.

आणि शेवटी, पदविकेसाठी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना व त्यांच्या पालकांना खरी परिस्थिती सांगावी. किती परीक्षा आहेत, भरती केव्हा होते, कोणत्या संस्थेत खरोखर शिकविले जाते, हे समजावून सांगण्याचे काम धर्मग्रामातील जाणत्या शिक्षकांनी करावे. एखाद्या कुटुंबाची जमीन त्यामुळे वाचू शकते. आणि ज्याला खरोखर शिकविण्याची ओढ आहे, तो डोळे उघडे ठेवून या वाटेवर येऊ शकतो.

प्रभू येशूला त्याचे शिष्य 'गुरुजी' म्हणत. त्याने आपले शिष्य एका वर्गात बसवून घडविले नाहीत. तीन वर्षे तो त्यांच्याबरोबर चालला, जेवला; त्यांच्या चुका त्याने सोसल्या आणि मगच त्यांना इतरांना शिकविण्यासाठी पाठविले. शिक्षक घडविण्याची हीच रीत आजही खरी आहे. येत्या शिक्षकदिनी आपण मुलांच्या हातून शिक्षकांना फुले देऊ. ती अवश्य द्यावीत. त्याबरोबरच ज्या शिक्षकांची अजून नेमणूक झाली नाही, जे एकटेच चार इयत्ता सांभाळीत आहेत आणि ज्यांना मुलांची भाषा कळत नाही म्हणून मनातून कष्टी आहेत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या आणि त्यांच्या सोबतीला उभे राहू या. पेरणाऱ्याच्या हातास बळ मिळो, हीच परमेश्वरचरणी आमची विनंती.